दोन तात्यासाहेब

कारखाना चालवायला पुस्तकं लागत नाहीत, माणसं ओळखता आली पाहिजेत, असं तात्यासाहेब म्हणायचे. आणि त्यांना माणसं ओळखता यायचीच. न यायला काय झालं? सगळी त्यांच्याच भावकीतली होती.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. गाड्यांचे गिअर भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवायचे, म्हणजे ते टणक होतात, एवढंच काम. तात्यासाहेब मूळचे देवगाव रंगारीचे. भट्टी म्हणजे कारखान्याचा जीव, तिथं परका माणूस नको, म्हणून तिन्ही पाळ्यांना त्यांनी आपले चुलतभाऊ, पुतणे आणि चुलतभावांचे पुतणे आणून उभे केले होते. सगळ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर आडनाव एकच, त्यामुळे बिल्ल्याचा उपयोग शून्य. आम्हा परक्यांना ऑफिस, स्टोअर आणि गेट.

मी धम्मपाल, तिथला पर्सोनेल ऑफिसर. जुने मॅनेजर दिवाळीला निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. उगाच साधूपणाचा आव आणत नाही, हवी होती. बारा-चौदा वर्षं ज्या कारखान्याचा गाडा मी मागून ढकलला, तो एकदा पुढं बसून हाकायचा होता. बायकोला, विशाखाला, मी हे सांगितलं होतं, तिनं तिच्या शाळेतल्या बायकांना सांगितलं होतं, म्हणजे माघारीची वाट बंद झाली होती. तात्यासाहेबांना विचारलं की ते "बघू" म्हणायचे. त्यांच्या "बघू"त होकार किती आणि नकार किती, हे कुणालाच कधी कळलेलं नाही.

दुसरा उमेदवार विश्वजीत. तात्यासाहेबांचा चुलत पुतण्या, प्रॉडक्शनचा प्रमुख. बारावीनंतर शिक्षणानं त्याचा नाद सोडला होता. कानाला फोन लावून कारखान्यातून इकडून तिकडं फिरायचं, हे त्याचं प्रॉडक्शन.

मी संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन एमबीए केलं. तिथंही कौतुक करावं असं फार नव्हतं. संघटनाशास्त्राचे प्राध्यापक पडद्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं वाचून दाखवायचे आणि मधूनमधून जांभया द्यायचे. वर्गातले निम्मे लोक हजेरी लागली की टपरीवर. पण त्या कंटाळ्यातूनही दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. एक, भिंतीवर लावलेला तक्ता म्हणजे संस्था नव्हे. तक्त्याच्या खाली नात्यागोत्याची, रुसव्याफुगव्याची दुसरी संस्था असते. काम तीच करते आणि अडवतेही तीच. आणि दुसरी, एका माणसाला दोन साहेब असू नयेत. आता यात काय एवढं मोठं, असं कुणीही म्हणेल. तांदळात खडे असतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण निवडायला बसलं नाही तर खडा दाताखालीच सापडतो. ते निवडायला बसणं मी तिथं शिकलो.

पास झाल्याचे पेढे वाटले तेव्हा विश्वजीतनं दोन उचलले आणि माझं नाव ठेवलं, थेरीसर. कारखाना दुसऱ्या दिवसापासून मला त्याच नावानं ओळखू लागला.

महिन्याच्या बैठकीत मी एकदा विषय काढला. म्हटलं, भट्टीवर तिन्ही पाळ्यांना एकाच घरातली माणसं आहेत. उद्या घरात काही बरंवाईट झालं तर सगळेच एका वेळी जातील. स्टोअरमधली चार पोरं भट्टीचं काम शिकायला तयार आहेत, पाळ्यांमध्ये थोडी मिसळ करू.

विश्वजीत खुर्चीत मागं रेलला. "थेरीसर, सरळ म्हना ना, आपल्या गल्लीतली पोरं भरायचीत."

बैठक हसली. तात्यासाहेब हसले नाहीत, पण त्यांनी त्याला गप्पही बसवलं नाही. मला म्हणाले, "धम्मपाल, माझा भाऊ मला सोडून जाईल का? तुझ्या पुस्तकात भाऊ नसतोय."

त्या चौघांत माझ्या गल्लीतला एकही नव्हता. पण ते मी सांगितलं नाही. ऐकण्याआधीच हसणाऱ्याला खुलासे देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दिवाळीला दीडेक महिना असताना, एका दुपारी भट्टीखात्यातले फोन एकापाठोपाठ वाजू लागले. गावाकडं बद्रीनाथबाबा गेले होते. बाबा म्हणजे भावकीतले सगळ्यांत थोरले, तात्यासाहेबांचे चुलते आणि विश्वजीतचे सख्खे आजोबा. भट्टीवरचे वडीलधारे सांडूभाऊ यांनी भट्ट्या रीतसर बंद केल्या, आत माल होता तो आतच राहिला, आणि अर्ध्या तासात खातं रिकामं झालं. सगळ्यांत पुढच्या गाडीत प्रॉडक्शनचे प्रमुख.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. घरचं माणूस गेलं तर मातीला जायलाच पाहिजे, जाऊ नका असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. आतला माल भंगारात गेला, तोही जाऊ द्या. मरण सांगून येत नाही. पण दहावा सांगून येतो. माणूस ज्या दिवशी जातो त्याच दिवशी त्याची तारीख ठरते आणि ती बोटांवर मोजता येते. बोटं विश्वजीतलाही होती.

माल वेळेवर गेला नाही म्हणून वाळूजच्या कंपनीतून फोन आला. आमचे निम्मेअधिक गिअर तीच कंपनी घ्यायची. त्यांच्या तनुजा मॅडम येऊन चालू भट्टी बघणार होत्या आणि मगच पुढच्या वर्षाची ऑर्डर ठरणार होती. कोणत्या दिवशी येऊ, असं त्यांनी विचारलं. विश्वजीत गावाकडं सांत्वनाला दारावर आलेल्यांबरोबर बसलेला. बसल्या बसल्या त्यानं जी तारीख दिली, तो नेमका दहाव्याचा दिवस होता.

मी त्याला फोन केला. "अहो, त्या दिवशी दहावा आहे."

"टेन्शन नका घेऊ, थेरीसर. अर्धी माणसं ठेवतो की कारखान्यात. माझा शब्द हाय."

त्याच्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती, म्हणून मी तात्यासाहेबांकडं गेलो. ते तासाभरासाठी कारखान्यात आले होते.

"तात्यासाहेब, दोन दिवस पुढची तारीख मागून घेऊ. त्या दिवशी कुणी थांबणार नाही."

"का नाय थांबनार? मी सांगितलंय अर्ध्यांनी थांबायचं. मालक कोन हाय?"

"मालक तुम्हीच आहात. पण तिथं नदीवर थोरले भाऊही तुम्हीच असणार. इथं मालक म्हणून तुम्ही थांबा म्हणता, आणि तिथं भाऊ म्हणून कोण आलं, कोण आलं नाही, ते बघणार. एकेका माणसाला दोन साहेब झाले, तात्यासाहेब. आणि दोन्ही तुम्हीच आहात."

ते माझ्याकडं बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले, "पोरानं शब्द दिलाय, त्यो फिरवायचा नाय. आन तुला आमच्यातलं नाय कळायचं."

हे वाक्य मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे. कळत होतं म्हणूनच तर त्यांच्यापुढं उभा होतो. त्यांना ते स्वतःला कळत नव्हतं, हे सांगायची सोय नव्हती.

आदल्या दिवशी मी भट्टीवर जाऊन एकेकाला विचारलं. "उद्या थांबणार ना?"

"व्हय सर, थांबतो." सांडूभाऊही म्हणाले, "थांबतो ना." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाच्या मनात थांबणारा दुसराच कुणीतरी होता.

दहाव्याच्या सकाळी भट्टीखात्यात चिमण्या शिरल्या होत्या. तनुजा मॅडम ठरल्या वेळी आल्या. तिशीच्या असतील, पायात सेफ्टी बूट, बोलणं कमी. त्या सरळ भट्टीपाशी गेल्या आणि भट्टीच्या दारावर त्यांनी हात ठेवला. दारावर हात ठेवता येतो म्हटल्यावर पुढं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वीज गेली होती असं मला सांगता आलं असतं. दुरुस्ती चालू आहे, हेही खपलं असतं. पण विश्वजीतसाठी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"माणसं दहाव्याला गेली आहेत," मी म्हटलं.

"सगळी?"

"एकच घर आहे."

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं आमचा तक्ता होता, रंगीत चौकटींचा, बाण काढलेला. "आणि हे?"

"ते भिंतीसाठी आहे."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग मी त्यांना ऑफिसात नेलं आणि पाळ्यांची मिसळ कशी करायची, कोणाला काय शिकवायचं, एका घरातले किती जण एका पाळीत चालतील, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये दोनदा अडवलं, आणि ते प्रश्न असे होते की तो विषय त्यांनीही मन लावून शिकलेला दिसत होता. मी विचारलंही, आणि आमच्या सरांच्या जांभयांचंही सांगितलं. "आमच्या सरांनाही जांभया यायच्या," त्या म्हणाल्या.

निघताना त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत हे करून दाखवा. तेवढ्यावर मी ऑर्डर थांबवत नाही. पण पुढं कारखाना बघणार कोण?"

"दिवाळीनंतर बहुतेक मी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच परक्या माणसासमोर मोठ्यानं म्हटलं. म्हणताना फार बरं वाटलं.

त्याच सुमाराला देवगावला काय चाललं होतं, ते दुसऱ्या दिवशी सांडूभाऊंनी मला सांगितलं. भट्टीवरचे सगळे त्या दिवशी डोकी भादरून कामावर आले होते, आणि सांडूभाऊ हेल्मेट पुन्हा पुन्हा सारखं करत बोलत होते.

"काय सांगू सर, पिंड ठिवला तर कावळाच शिवंना. ऊन लई. समदे म्हने बाबांची कायतरी इच्छा राहिली. कुनी म्हनलं बांधाचं भांडन मिटवतो. नाय आला. कुनी म्हनलं बाबांच्या बैलाला इकत नाय. तरी नाय. मंग तात्यासाहेब पुढं झाले, हात जोडले, आन म्हनले, बाबा, विश्वजीतची काळजी सोडा, दिवाळीला त्याला कारखान्याचा मॅनेजर करतो."

"आणि?"

"आला ना सर. झपकन आला."

अशी झाली आमच्याकडं मॅनेजरची निवड. शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही, मुलाखत कावळ्यानं घेतली. मी इकडं ऑफिसात पुढच्या वर्षाची घडी बसवत होतो आणि तिकडं भुकेला एक पक्षी माझी खुर्ची उचलून घेऊन गेला. दुःखातल्या माणसांना मी हसत नाही. पण घरातल्या दुःखात आणि कारखान्यातल्या खुर्चीत फरक करता येत नाही अशा मालकाला हसू नये तर काय करावं? मला हसू आलंही नाही, ते वेगळं.

"आन अजून एक," सांडूभाऊ म्हणाले. "आपल्या भट्टीवरचा सुदर्शन तेवढा कारखान्याला निघाला व्हता. तात्यासाहेबांनी नदीवर इचारलं, सुदर्शन का दिसंना? कुनीतरी फोन लावला. त्यो अर्ध्या वाटंवरून माघारी आला."

पुस्तकातला नियम इतका अक्षरशः खरा ठरलेला बघून त्याचाच राग येत होता.

तात्यासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भादरलेल्या डोक्यावर पांढरी टोपी, समोर चहा. तनुजा मॅडमचा त्यांना फोन आला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, जे ते सहसा सांगत नसत.

"पटलं मला," ते म्हणाले. "भावकी एका जागी नको. तू वाचवलंस बघ. मिसळ करायची ती करू."

"आणि मॅनेजरचं?"

त्यांनी चहाचा कप बशीवर फिरवला. "गेलेल्या मानसाला शब्द दिलाय, धम्मपाल. त्यो नाय मोडता येत. तू त्याला शिकव ना तुझी ती थेरी. हुशार हाय पोरगं."

"मग मी कोण तिथं?"

"तू हायेस ना," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "खरं सांगू का, तू हायेस म्हनून आमाला घोर नसतो. आमी समदे गेलो तरी धम्मपाल कारखान्यात हाय. तुला ना दहावा, ना तेरावा."

त्यांना ती शाबासकी वाटत होती. आमच्याकडंही माणसं मरतात, हे त्यांच्या ध्यानातच नसावं. माझे वडील कडुबा गेले तेव्हा पगाराचं काम अडलं होतं, म्हणून मी तिसऱ्या दिवशी कामावर आलो होतो. जलदान विधीला अर्धा दिवस रजा मागितली, आणि विधी उरकून संध्याकाळी परतही आलो. तेव्हा तात्यासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. ती थाप कशासाठी होती ते मला त्या सकाळी कळलं. मी त्यांच्या रचनेत पहिल्यापासून होतो, फक्त तक्त्यावर नव्हतो. सगळे निघून गेले की मागं राहणारा, ही माझी जागा होती आणि ती मी फार चोख सांभाळली होती.

घरी विशाखाला सांगितलं. तिनं कणीक मळायची थांबवली. "कावळ्यापुढं एमबीए काय करणार?" ती म्हणाली, आणि मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "सोडा तो कारखाना. मी शाळेत सांगेन काय सांगायचं ते."

लगेच सोडता आला नाही. दिवाळीला विश्वजीत मॅनेजर झाला. तक्त्यावर सगळ्यांत वर त्याचा फोटो लागला, गॉगल लावलेला. माझा मिसळीचा बेत त्यानं आठवडाभरात अमलात आणला, आणि तो कसा आणला ते ऐकण्यासारखं आहे. निम्मी भावकी भट्टीवरून हलवली आणि तिथं वेरूळची माणसं आणली. वेरूळ म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नी वच्छलाबाई यांचं माहेर. आलेले सगळे त्यांचे भाऊ, भाचे, भाच्यांचे मेहुणे.

"भावकी नको म्हनलात ना, थेरीसर?" विश्वजीत मला म्हणाला. "मंग सोयरे घेतले. आता कसं, फुल मिक्स."

तनुजा मॅडमना त्यानं फोनवर तेच सांगितलं. मी ऐकत होतो. एखाद्याला औषधाची चिठ्ठी द्यावी आणि त्यानं ती चिठ्ठीच पाण्याबरोबर गिळावी, तसं झालं होतं.

पुढं मार्चमध्ये विश्वजीतचं लग्न ठरलं. घरात मयत झाली की वर्षाच्या आत कार्य उरकतात, म्हणून घाई. मुलगी वेरूळचीच, वच्छलाबाईंची भाची श्रेया. म्हणजे भट्टीवरची निम्मी माणसं नवऱ्याकडची आणि निम्मी नवरीकडची. या वेळी मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगायला गेलो नाही. फुकटचं शहाणपण मी एकदा वाटून बसलो होतो. पत्रिका मला आली, पाकिटावर "सहकुटुंब" लिहिलेली. ती देताना तात्यासाहेब म्हणाले, "तुझं ताट घरी पाठवतो. तू कारखान्यात थांब. रोजंदारीवरची दोन पोरं घे हाताखाली, भट्टी बंद दिसाया नको."

मी मान हलवली. सांडूभाऊंनी हलवली होती तशीच.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मला काम मिळालं होतं. हुद्दा हाच, खुर्ची तिथंही नाही. पण निदान माणसं पाच-पन्नास आडनावांची. लग्नाला बरोबर महिना असताना मी विश्वजीतच्या केबिनमध्ये गेलो. तो मांडववाल्याशी फोनवर बोलत होता.

"मी नोकरी सोडतोय. महिन्याची मुदत देतो. लग्नाच्या आदल्या दिवशी भरते."

त्यानं फोनवर हात ठेवला. "आत्ता? बरं बरं. लग्नानंतर बघू."

"लग्नाआधी भरते मुदत."

"ऐकलं ना म्हनलं, सर."

त्यानं ऐकलं होतं. आठवडाभरानं मी पुन्हा आठवण केली, तेव्हाही "हां, ध्यानात हाय" म्हणाला. काकांना सांगायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. मी मुद्दाम वर गेलो नाही. माझा साहेब मॅनेजर होता, त्याला सांगितलं. तात्यासाहेबांच्या कारखान्यात पुस्तकाप्रमाणे झालेली तेवढी एकच गोष्ट असेल.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी घरी होतो. विशाखानं जुन्या शहरातून नान-खलिया मागवला होता. आम्ही नुकते बसलो होतो आणि फोन वाजला. पलीकडं बँडचा गोंधळ.

"धम्मपाल, वाळूजची मानसं गेटवर आलीत म्हनं. न सांगता आलीत. वॉचमन म्हनतो, भट्टी बंद हाय. कुठं हायेस तू?"

"घरी आहे. जेवतोय."

"घरी? आरं, आमी समदे हितं..."

"मला माहीत आहे, तात्यासाहेब."

"तुला थांबाया सांगितलं व्हतं ना?"

"माझी मुदत काल भरली. मॅनेजरला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. विचारा त्याला."

त्यांनी फोन बाजूला केला असावा. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, बँड मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग त्यांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बराच खाली. त्या आवाजात मालक नव्हता आणि थोरला भाऊही नव्हता, नुसता एक म्हातारा माणूस होता.

"म्हंजी आता कारखान्यात आपलं कोनच नाय?"

"आपली माणसं सगळी तिथंच आहेत, तात्यासाहेब," मी म्हणालो. "मांडवात बघा."

मी फोन ठेवला. विशाखानं खलियाचा वाडगा माझ्याकडं सरकवला आणि आम्ही जेवायला लागलो.